बेचाळिसावा भाग

मंगळवारी दुपारी माझी बायको गेली. ती ओट्याशी उभी होती. कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. शेजारच्या वहिनींनी मला कंपनीत फोन केला. मी रिक्षाने घरी आलो. डॉक्टर जिना उतरत होते. त्यांनी माझा हात धरला आणि वेळ सांगितली.

आमचं घर अंबरनाथला, शिवमंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर, दुसऱ्या मजल्यावर आहे. मी रसायनांच्या एका कंपनीत प्रयोगशाळा बघतो. आम्हाला मूल नाही. घरात दोन माणसं, तीन कपाटं भरून पुस्तकं आणि दोन फोन, एवढाच संसार. तेराव्यानंतर पाहुणे आपापल्या गावी गेले. तिचा फोन मात्र वाजत राहिला.

तो फोन मी रोज सकाळी माझ्या फोनबरोबर चार्जिंगला लावत होतो. कशासाठी, हे मी स्वतःला विचारलं नाही. उघडायचाही विचार नव्हता. पण एका संध्याकाळी तो इतका वाजला की मी हातात घेतला. काचेवर तिचं बोट कसं फिरायचं हे मी समोर बसून इतकी वर्षं बघितलं होतं, की माझं बोटही तसंच फिरलं आणि फोन उघडला.

मला वाटलं होतं सांत्वनाचे निरोप असतील. नव्हते.

‘ताई, कुठे आहात? बेचाळिसावा कधी?’

‘ताई बऱ्या आहात ना? एवढा खंड कधी पडला नव्हता.’

‘अगं बाई, डॉक्टरला फाटकाशी उभं करून कुठे गेलीस? पाय दुखले असतील त्याचे!’

यांच्यापैकी कोणालाही ती गेल्याचं माहीत नव्हतं. आणि हा डॉक्टर कोण, हे मला माहीत नव्हतं.

ती फोनवर काहीतरी लिहिते एवढं मी बघत होतो. एकदा तिने सांगितलंही होतं, “मी गोष्ट लिहितेय.” मी हातातलं पुस्तक खाली न करता “छान” म्हणालो होतो. त्यानंतर तिने तो विषय काढला नाही आणि मीही काढला नाही.

पुढचे तीन दिवस मी रजा टाकून ती गोष्ट वाचली. एकेचाळीस भाग होते. आधी, हे निरोप ज्या ग्रुपवर येत होते त्याबद्दल सांगतो.

टीव्हीवर एक मालिका होती. गावातला दवाखाना चालवणारा एक डॉक्टर आणि तिथल्याच शाळेतल्या एक बाई. दोन वर्षं त्यांचं जमत आलं, मोडत आलं. मग डॉक्टरचं काम करणाऱ्या नटाला दुसरीकडे काम मिळालं असावं, कारण एका सोमवारी डॉक्टर ट्रकखाली गेला. तेही पडद्यावर नाही. कोणीतरी धावत येऊन बातमी सांगितली आणि जाहिराती लागल्या. ज्या बायका दोन वर्षं स्वयंपाक आटपून टीव्हीसमोर बसत होत्या, त्यांचा संताप झाला. बदलापूरजवळच्या सोनिवलीतल्या एका मुलीने ग्रुप काढला. ग्रुपवर सगळ्यात वर, कायमची लावलेली एक ओळ होती: ‘आपल्या इथे डॉक्टर मरत नाही.’ तिथून पुढची गोष्ट ज्याची त्याने लिहायची. कोणाचा डॉक्टर ट्रकच्या धक्क्याने नदीत पडून वाहत गेला आणि कोळ्यांना सापडला. कोणी ठरवून टाकलं की मेला तो त्याचा जुळा भाऊ होता. माझ्या बायकोच्या गोष्टीत फक्त रुग्णवाहिका वेळेवर आली. बाकी सगळं तिथून पुढे.

तिच्या गोष्टीत डॉक्टर महिनोन्महिने अंथरुणावर पडून होता. शुद्ध आली तेव्हा त्याला काही आठवत नव्हतं. बाई त्याला भेटायला शहरातल्या इस्पितळात जात. तो त्यांना रोज नव्याने नाव विचारी आणि त्या रोज नव्याने सांगत. मी मराठी साहित्य बरंच वाचलं आहे आणि माझी मतं कडक आहेत. अश्रू काढण्यासाठी लिहिलेलं मला आवडत नाही. पण एकोणिसाव्या भागात बाई डॉक्टरची नखं कापतात आणि तो नर्सला विचारतो, ‘ह्या कोण? पगार कोण देतं ह्यांना?’ तिथे मी फोन उलटा ठेवला आणि उठून गॅलरीत गेलो.

ग्रुपमधल्या बायकांची दाद द्यायची एक पद्धत होती. वाहवा, टाळ्या, फुलं असलं काही नाही. भाग वाचताना घरात जे काही बिघडलं असेल त्याचा फोटो टाकायचा. करपलेली पोळी. उतू गेलेलं दूध. इस्त्रीने जळालेली कॉलर. एकीने तर टाकी भरून गच्चीवरून पाणी खाली सोसायटीच्या अध्यक्षांच्या स्कूटरवर पडत असल्याचा फोटो टाकला होता. ह्याला त्या ‘आजची नासाडी’ म्हणत. एकोणिसाव्या भागाखाली अशा नासाडीचे इतके फोटो होते की खाली खाली जाताना माझा अंगठा दुखला. त्यांच्याखाली माझ्या बायकोने लिहिलं होतं, ‘माझीही भाजी लागली. लिहिताना.’

ती भाजी मी खाल्ली असणार. मला ती लागलेली कळली नाही, की कळूनही मी काही बोललो नाही, ते आठवत नाही.

गोष्टीत मी कुठे आहे हे मी शोधत होतो. नवरा शोधणारच. डॉक्टरमध्ये मी नव्हतो; तो देखणा होता आणि फार बोलायचा. मी सापडलो सातव्या भागात. दवाखान्यात एक कंपाउंडर होता. पेन्सिलीला टोक ब्लेडनेच करणारा. बाटल्यांवर सुरेख अक्षरात चिठ्ठ्या चिकटवणारा. कोणी काहीही सांगितलं तरी वर न बघता ‘छान’ म्हणणारा. एकदा बाई त्याला सांगतात, डॉक्टरांनी आज मला ओळखलं नाही. तो म्हणतो, छान. मग दोन मिनिटांनी मान वर करून विचारतो, ‘काय म्हणालात?’ बायकांनी त्याला डोक्यावर घेतला होता. ‘कंपाउंडरकाका!’ ‘ह्याला बोलतं करा ना ताई.’ ‘नको नको, बोलला तर मजा जाईल.’

मला राग आला नाही. निरीक्षण अचूक होतं.

आता माझ्या चुका. त्यातली पहिली म्हणजे मी सांगितलं नाही. ‘ताई कुठे आहात’ याला मी तिच्या नावाने उत्तर लिहिलं: ‘तब्येत थोडी बरी नाही. लिहीन.’ मिनिटभरात वीस जणींनी घेरलं. ‘काढा घ्या.’ ‘मिस्टर मदत करतात का काही?’ ‘कसले करतायत, वाचत बसले असतील!’ यावर हसणारे चेहरे. मी त्या रिकाम्या घरात बसून ते वाचलं आणि मला बरं वाटलं. तिला कोणीतरी हाक मारत होतं आणि त्या हाकेला ओ जात होती. म्हणून मी ओ देत राहिलो. रोज एखादं वाक्य. ‘आज बरं आहे.’ ‘आज जरा थकवा आहे.’ असे पाच आठवडे गेले.

उल्हासनगरची एक वाचक सगळ्यात जास्त लिहायची. तिचं परकर-गाऊनचं दुकान होतं, कॅम्पातल्या बाजारात. सिंधी बाई, मराठी तिने मालिका बघूनच पक्की केलेली. माझ्या बायकोला ती ‘अदी’ म्हणायची, त्यांच्यात बहिणीला म्हणतात तसं. तिच्या नवऱ्याला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागे. चार तास खुर्चीत. त्या वेळात ती त्याला आमचे, म्हणजे बायकोचे, भाग वाचून दाखवायची. ‘अदी, सेठ विचारतात डॉक्टर कधी चालणार. ते बोलतात, तो चालेल तर मी पण जिना चढून दाखवतो.’ असे तिचे निरोप असायचे. हे निरोप मी वाचले होते. न वाचल्यामुळे चूक झाली असं मला म्हणता येणार नाही.

दुसरी चूक बेचाळिसावा भाग.

सगळ्या मागे लागल्या होत्या आणि तिच्या फोनमध्ये पुढचं टिपण काही नव्हतं. एकेचाळिसाव्याच्या शेवटी डॉक्टर कुबड्या घेऊन शाळेच्या फाटकाशी येतो. त्याला काहीच आठवत नाही. पाय का वळले ते त्यालाच कळत नाही. हाताला खडू लागलेल्या बाई बाहेर येतात आणि विचारतात, ‘कोण हवंय आपल्याला?’ बस. इथे ती थांबली होती. मी ठरवलं, पुढचं मी लिहीन. तिच्यासाठी लिहीन आणि नीट लिहीन.

मी एका रविवारी कागद घेऊन बसलो आणि चार रविवार बसत राहिलो. ब्लेडने पेन्सिलीला टोक केलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. मला कळत होतं की मरण त्या मालिकेने स्वस्तात उरकलं होतं आणि ह्या बायकांनी ते नाकारलं होतं. दोन्ही बाजूंनी कोणी त्याच्याकडे सरळ बघितलं नव्हतं. मी बघणार होतो. माझ्या भागात डॉक्टरला फाटकाशी सगळं आठवतं. तो बाईंबरोबर रिकाम्या वर्गात जाऊन बाकावर बसतो. त्या फळ्यावरचं पुसत असतात आणि मागे वळून बघतात तेव्हा तो बसल्या जागी गेलेला असतो. मग कंपाउंडर येतो. डॉक्टरच्या चपला हातात घेतो आणि बोलतो. इतकी वर्षं न बोललेलं सगळं बोलतो.

ग्रुपवरची ती वरची ओळ मी रोज बघत होतो. मला वाटलं, असले नियम कच्च्या लेखकांसाठी असतात.

भाग चांगला होता. आजही मी तसंच म्हणतो. त्यात एकही वाक्य उगाच रडवणारं नव्हतं. शुक्रवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी तो ग्रुपवर टाकला आणि डबा न खाता वाट बघत बसलो.

एकही फोटो आला नाही. तीन वाजले, चार वाजले. लोकांनी वाचलेलं दिसत होतं. मग एक ओळ आली: ‘ताई, हे काय केलंत?’ दुसरी: ‘मी बसमधून उतरले मधेच.’ तिसरी, एरवी सगळ्यांची टिंगल करणारी, तिने एवढंच लिहिलं, ‘वरची ओळ वाचली नाही का?’ मग कोणीच काही नाही. दीडशे बायका गप्प बसल्या तर तो गप्पपणा फोनमधूनही ऐकू येतो हे मला त्या दिवशी कळलं.

शनिवारी सकाळी तिच्या फोनवर फोन आला. ग्रुप चालवणारी सोनिवलीची मुलगी होती. मी उचलला.

“हॅलो, ताई आहेत?”

“नाहीत.”

“तुम्ही काका ना?” मागे म्हैस ओरडत होती. “थांबा, गोठ्यातून बाहेर येते. हां. काका, बेचाळिसावा तुम्ही लिहिलाय.”

मी विचारलं, “कशावरून?”

“कंपाउंडरवरून. काका, एकेचाळीस भागांत तो माणूस सगळा मिळून पानभर बोलला नाही. आणि काल एकदम भाषण? सभेला उभा राहिल्यासारखा? नाय. ताई त्याच्या तोंडून एवढं बोलून घेणारच नाही. तिने सांगितलंय मला, तो बोलत का नाही ते.”

“का नाही?”

“त्याला वाटतं त्याचं सगळ्यांना कळतंच.” मग तिने विचारलं, “काका, ताई कुठायत?”

मी सांगितलं. मंगळवार, कुकर, वेळ. हे मी बऱ्याच लोकांना सांगितलं होतं, पण त्या सगळ्यांना ते आधीच माहीत असायचं. खरोखर ज्याला माहीत नाही अशा माणसाला मी पहिल्यांदाच सांगत होतो. पलीकडे ती मुलगी आठवडे मोजत असावी. मग म्हणाली, “पाच आठवडे तुम्ही आमच्याशी बोलत होतात?”

“हो.”

“मी तुम्हाला माझ्या लग्नाचं सांगितलं. मुलगा नकटा आहे म्हणाले मी. तुम्ही लिहिलंत, नाकाने संसार होत नाही.”

“चुकलं का?”

“नाही, बरोबर होतं.” ती हसली आणि लगेच रडायला लागली. “मंग काका, आता तुम्हीच सांगायचं सगळ्यांना. मी नाय सांगणार. उद्या संध्याकाळपर्यंत. नायतर मी तुम्हाला ग्रुपमधून काढते, आणि तुम्हाला काढलं म्हणजे ताईला काढलं, ते माझ्याच्याने व्हायचं नाही. म्हणून सांगा.”

तिचं म्हणणं योग्य होतं. रविवारी दुपारी मी काय लिहायचं ते कागदावर जुळवत होतो, तेवढ्यात पुन्हा फोन वाजला. उल्हासनगरची दुकानदारीण.

“अदी?”

“मी त्यांचे मिस्टर.”

“भाईसाब, अदीला द्या. झगडा करायचा आहे.”

“काय झालं?”

“काय झालं? सेठ उद्या सेंटरला जात नाही बोलतात! शुक्रवारी मी वाचत होते, हे खुर्चीत, सुई लागलेली. तो बाकावर बसला, मी वाचते, फळा पुसते, मी वाचते, मला काय माहीत पुढे काय आहे? वाचूनच टाकलं ना! सेठ बोलले, बस, अब बंद कर. घरी आले, एक शब्द नाही. आज सकाळी बोलतात, डॉक्टरच नाही वाचला तर मी काय वाचणार, उद्यापासून नको. तीन दिवस नाही गेलं तर पाणी भरतं अंगात, छातीपर्यंत येतं, ठाऊक आहे तुम्हाला? द्या अदीला. तिला सांगा त्याला उठव. कसा पण उठव.”

मला फोनवर सांगता आलं नाही. मी म्हणालो, “पत्ता द्या, मी येतो.”

“तुम्ही येऊन काय करणार? लिहिते ती!”

“मी येतो,” मी म्हणालो.

दुकान खाली आणि घर वर होतं. जिना अरुंद होता आणि प्रत्येक पायरीवर गाऊनचे गठ्ठे. तिने मला बघितलं, माझ्यामागे बघितलं, मग पाणी आणि भाजलेला पापड आणून ठेवला. त्यांच्याकडे आलेल्या माणसाला आधी पापड-पाणी देतात; भांडायला आलेल्यालाही देतात, आणि ज्याच्याशी भांडायचं आहे त्यालाही. सेठ दिवाणावर उशीला टेकून बसले होते. साठीच्या पुढचे, रुंद, पायांना सूज. डाव्या दंडावर पट्टी.

“अदीचे मिस्टर?” त्यांनी विचारलं. “बसा, साईं. बताओ, का मारला?”

“तिने नाही मारला. मी मारला.”

बाई पुढे येऊन सेठच्या शेजारी उभी राहिली.

“तो भाग माझा आहे. तिच्या नावाने मी टाकला. आधीचे एकेचाळीस तिचे.”

“तुमचा?” बाई म्हणाली. “तुम्हाला कोणी सांगितलं होतं?”

“कोणी नाही.”

सेठ पापडाचा तुकडा मोडून हातातच धरून बसले. “मी विचार केला,” ते म्हणाले, “लिखनेवाली थकली. एकेचाळीस वेळा तिने त्याला उचलला. गाडीतून, बेहोशीतून, कुबडीवर उभा केला. आणि एकदम हात सोडला. मी बोललो, थकली बिचारी. सगळे थकतात. ही पण थकत असेल.” त्यांनी बायकोकडे बघितलं नाही. “दुकान बघते, मला नेते, आणते.”

“मी बोलले का कधी?” ती म्हणाली.

“नाही बोललीस. म्हणून तर.”

“सेठ, ती थकली नव्हती,” मी म्हणालो. “ती गेली. दोन महिने होत आले. त्यानंतर मी लिहिलं.”

बाईने तोंडावर पदर धरला आणि ती आत गेली. आत नळ सुटल्याचा आवाज आला आणि बराच वेळ चालू राहिला. सेठनी विचारलं, कशी गेली. मी सांगितलं. त्यांनी विचारलं, कुकरात काय होतं.

“मुगाची खिचडी.”

त्यांनी मान हलवली. एवढे लोक भेटून गेले, हे कोणीच विचारलं नव्हतं.

“तर मग,” ते म्हणाले, आणि आता त्यांचा आवाज दुकानातला होता, “बेचाळीस नंबर नकली आहे.”

“हो.”

“अदीने मारला असता त्याला?”

मी खरंच विचार केला. घाईने उत्तर द्यायचं नव्हतं. तिच्या गोष्टीत माणसं आजारी पडत, विसरत, रुसत, परगावी जात. त्या सगळ्यांना ती परत आणायची. माझ्यासारख्या कंपाउंडरलासुद्धा तिने कधी नोकरीवरून काढलं नव्हतं.

“नाही,” मी म्हणालो. “कधीच नाही.”

“मग काढा तो. आत्ता, माझ्यासमोर.”

मी तिचा फोन खिशातून काढला. भाग लांब होता. शोधून त्यावर बोट दाबून धरलं. फोनने विचारलं, सगळ्यांसाठी काढायचा का. मी हो केलं. चार रविवारांचं काम होतं. सेठ चष्मा लावून, पुढे वाकून बघत होते, एखादा गठ्ठा परत जाताना मोजून घ्यावा तसे.

“गेला?”

“गेला.”

“आता तो कुठे आहे?”

“शाळेच्या फाटकाशी.”

“उभा आहे?”

“उभा आहे.”

“कुबड्या आहेत ना?”

“दोन्ही आहेत.”

“ठीक.” ते मागे टेकले आणि आतल्या दिशेने ओरडले, “अरे, नळ बंद कर! उद्या रिक्षावाल्याला साडेतीनला बोलव. मागच्या वेळी उशीर केला त्याने.”

ती बाहेर आली. तोंड धुतलेलं होतं. तिने माझी बशी बघितली आणि म्हणाली, “पापड खाल्ला नाही तुम्ही. अदा, पापड खा.” मघापर्यंत मी भाईसाब होतो; आता अदीसारखा अदा, घरचा भाऊ. मी पापड खाल्ला.

निघताना तिने जिन्यात मला थांबवलं. तिला वाचताना अडखळायला होतं, म्हणाली. जोडाक्षर आलं की सेठ चिडतात, मशीन पिं पिं करतं. आणि ती सेंटरला असते तेव्हा दुकान बंद ठेवावं लागतं. मला ती काही मागत नव्हती. नुसतं सांगत होती. मी म्हणालो, शुक्रवारी माझी पहिली पाळी असते, तीनला सुटतो.

घरी येऊन मी ग्रुपवर लिहिलं. कागदावरचा मजकूर बाजूला ठेवला. तो फारच नीट झाला होता. लिहिलं की मी ताईंचा नवरा, ताई गेल्या, कधी गेल्या, आणि पाच आठवडे तुमच्याशी मी बोलत होतो. बेचाळिसावा माझा होता, काढला आहे, माफ करा. खाली काय येईल त्याला मी तयार होतो.

आधी रागावल्या. रागवायलाच हवं होतं. ‘आमच्या घरच्या गोष्टी सांगितल्या हो आम्ही!’ ‘काढ्याचं विचारलं तेव्हा तरी सांगायचंत.’ एकीने लिहिलं, ‘वाचत बसले असतील म्हणाले होते मी. काका, सॉरी.’ मी लिहिलं, ‘वाचतच होतो.’ मग एकीने विचारलं, ताईंचं खरं नाव काय होतं. ग्रुपवर सगळ्यांची टोपणनावं होती. मी नाव सांगितलं. पुढचा तासभर ग्रुपवर तेवढं एकच नाव येत राहिलं, एकेका बाईकडून, दुसरा शब्द न घालता. त्यांच्यात हे काही ठरलेलं नव्हतं. अशा प्रसंगी काय करायचं याची त्यांच्याकडे पद्धतच नव्हती. तिथे कोणी मरत नव्हतं.

मग गोष्टीचं काय, यावर वाद झाला. तिघी पुढचं लिहायला तयार होत्या. सोनिवलीच्या मुलीने मला सगळ्यांसमोर विचारलं, “काका, तुम्ही सांगा.” मी लिहिलं, ज्याला लिहायचं त्याने स्वतःच्या नावाने, स्वतःची वेगळी गोष्ट लिहावी. तिची गोष्ट तिथे थांबली तिथेच असू दे. ‘म्हणजे तो फाटकाशी उभाच?’ एकीने विचारलं. ‘आणि बाई विचारतच राहणार कोण हवंय?’ मी लिहिलं, ‘हो.’ मग त्या टिंगलखोर बाईने लिहिलं, ‘असू दे. निदान उन्हात नाहीये. फाटकाशी कडुलिंब आहे, तिसऱ्या भागात आहे बघा.’ सगळ्यांनी तिसरा भाग काढून बघितला. कडुलिंब होता.

त्या मुलीने मला ग्रुपमधून काढलं नाही. ताईचा नंबर तसाच ठेवून माझा वेगळा घेतला. तिचं लग्न त्या नकट्या मुलाशी ठरलं, पत्रिका द्यायला ती चिखलोलीच्या मावशीकडे जाता जाता घरी आली, कपाटं बघितली आणि म्हणाली, “एवढी पुस्तकं! आणि ताईचं एकही नाही त्यात.” मी तिला म्हणालो, छापून घेणार आहे, घरापुरतं. ती म्हणाली, नको काका, फोनमध्येच बरं आहे, पोळ्या करताना वाचता येतं.

मी छापलं नाही. बेचाळिसाव्याचे कागद माझ्या टेबलाच्या खणात आहेत. मी ते कोणाला दाखवत नाही आणि फाडतही नाही.

शुक्रवारी मी कंपनीतून परस्पर उल्हासनगरला जातो. सेंटरमध्ये सेठच्या खुर्चीशेजारी मला एक स्टूल दिलेलं आहे. पहिल्या भागापासून सुरुवात केली. सेठनीच सांगितलं, मधून कशाला. मी हळू वाचतो. कंपाउंडर आला की ते डोळे मिटूनच हसतात आणि शेजारच्या खुर्चीतल्या माणसाला माझ्याकडे बोट करून दाखवतात. बाकीच्या दोन दिवशी त्यांची बायको त्यांना सोडून दुकान उघडायला जाते. त्या दिवशी ते वाचन नको म्हणतात. झोपतात.

सध्या सव्विसावा भाग चालू आहे. पुढे पंधरा आहेत.